पूल नागातून निघणार

हल्पवत्त,
वप पौर्णिमेनंतरचा मंगळवार

परमपूज्य लोकुमामांच्या चरणी भाचा विल्मट याचा गुडघे टेकून नमस्कार.

त्रिरत्नांच्या कृपेने तुम्ही, मामी आणि लहान मंडळी कोलंबोत खुशाल असाल. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? आई म्हणते, खजिन्याच्या कचेरीचे जिने चढूनच तो गुडघा गेला. इतकी वर्षं ज्या माणसाला सरकारने लोकांच्या पैशावर राखणीला बसवलं त्याला निदान तळमजल्यावर तरी बसवायचं होतं. तिने स्वतः कढवलेलं तेल बाटलीत भरून बसवाल्याच्या हाती धाडलं आहे. (बाटली अर्धी निघाली तर वाटेत सांडली असं समजू नका, बसवाल्याचाही गुडघा दुखतो.) घरी सगळं क्षेम आहे. म्हैस व्याली, फणस लागले, आणि आईने माझ्याशी बोलणं सोडलं होतं ते आता पुन्हा धरलं आहे. का, ते खाली येईलच.

तुमचं मागचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही मला एकदा इंग्रजीत आणि एकदा सिंहलीत गाढव म्हटलं आहे, म्हणजे अर्थाबद्दल शंका राहू नये. भाषांतराच्या बाबतीत ही काळजी मी घेतली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण ते घडलं नसतं तर माझं लग्नही ठरलं नसतं, म्हणून मी गाढवपणाबद्दल दिलगिरी न दाखवता थेट हकिगतीला लागतो. गॉलचं कॉलेज मी मधेच सोडलं हे खरं. पण का, हे तुम्हाला प्रिन्सिपॉलनी अर्धंच कळवलं. वर्गात मास्तर सांगत होते की रस्ते, पूल, रेल्वे यांचा उपयोग पुढच्या पिढ्यांना व्हायचा असतो, तेव्हा त्यांचा खर्चही पुढच्या पिढ्यांनी सोसावा, म्हणून शहाणं सरकार असली कामं कर्ज काढून करतं. मी उठून विचारलं की माझ्या शिक्षणाचा उपयोगही माझ्या नातवंडांना व्हायचा आहे, मग फी तुम्ही आत्ता माझ्या मामांकडून का घेता? ते म्हणाले बाहेर जा. बाहेर कुठपर्यंत ते त्यांनी सांगितलं नाही, मी स्टेशनपर्यंत गेलो. (ट्रंक अजून वसतिगृहातच आहे.) आपलं आडनाव कोडितुवक्कु, म्हणजे छोटी तोफ, तोफेला बत्ती लावून पुन्हा तिलाच गप्प बस म्हणण्यात काय हशील?

आणि लोकुमामा, तुमच्यापासून काय लपवायचं, दुसरं कारण रोसलिन. तुम्ही इकडे येऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगतो: नदीपलीकडे कुंबुक्तोटला तरीचा मक्ता ज्या व्यापारी मार्तेलिस मुदलालीकडे आहे त्याची ही मुलगी. धक्क्यावरच्या झोपडीत बसून ती उतारूंकडून भाड्याचे सेंट घेते. सुट्टीला येताना मी एकदा तरीतून उतरता उतरता तिच्याकडे पाहिलं आणि पाय फळीऐवजी पाण्यात टाकला. तरीतले सगळे हसले. ती हसली नाही. गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कॉलेजात पोहायला शिकवत नाहीत वाटतं?" तेव्हापासून मला गॉलमध्ये अन्न गोड लागेना. त्या सुट्टीत मी नदी इतक्यांदा ओलांडली की आईला वाटलं मला पलीकडे नोकरी लागली.

शेवटी मी रीतसर मध्यस्थ धाडला. मुदलालीने त्याला विडा दिला, शहाळं पाजलं, आणि धक्क्यावरच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: "या नदीवर पूल होईल त्या दिवशी मुलगी देतो. तोवर म्हणावं, त्या काठावर बस आणि तोफ उडव." लोक पोट धरून हसले, कारण आमच्याकडे 'पूल होईल तेव्हा' याचा अर्थ 'कधीच नाही' असा आहे. उधारी मागायला आलेल्याला लोक हेच सांगतात. पण शब्द चारचौघांत दिला गेला होता, आणि मी तो शब्दशः घ्यायचं ठरवलं. पूल आणायचा. मग बघू.

आता पूल का होत नव्हता ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुमच्या खात्याची निंदा करायचा माझा हेतू नाही (पुढचं वाक्य वाचेपर्यंत). हा पूल सरकारने नाकारलेला कधीच नाही. कर्जाच्या पैशाची राखण करणारे साहेब म्हणतात, एवढ्याशा पुलासाठी लंडनमध्ये कर्ज कशाला, राखीव निधीतून करा. राखीव निधीची राखण करणारे म्हणतात, पूल शंभर वर्षं टिकणारी वस्तू, तिच्यासाठी आजची शिल्लक का मोडा, कर्जातून करा. दोघंही पूल हवा म्हणतात, दोघंही तो दुसऱ्याच्या ताटात वाढतात. आणि ती शिल्लक तरी कुठे आहे? लंडनमध्येच, कमी व्याजाने ठेवलेली. आणि कर्ज काढायचं तेही लंडनमध्येच, जास्त व्याजाने. मी हे आईला समजावून सांगितलं की असं बघ, तू आपल्या तांदळाचं मडकं शेजारच्या पोडिहामींच्या घरी ठेवलंस, आणि घरातला तांदूळ संपला की त्यांच्याच घरून तांदूळ उसना आणलास, वर मापटंभर जास्त देण्याच्या बोलीवर. आई विचारात पडली. म्हणाली, पोडिहामी असं करणार नाही, ती चांगल्या घरची आहे.

मी अर्जांमागून अर्ज केले. मातरच्या कचेरीबाहेरचे अर्जलेखक मला लांबून पाहून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसू लागले. शेवटी जिल्ह्याच्या गोऱ्या एजंटसाहेबांनी कंटाळून कळवलं की ते स्वतः कुंबुक्तोटच्या धक्क्यावर येऊन लोकांना सरकारचं म्हणणं सांगतील. दोन्ही काठांचे लोक जमले. धक्क्यावर मोठं कुंबुकाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी पुरुषभर उंचीचं जुनं वारूळ. त्या सावलीत साहेबांची खुर्ची मांडली. साहेबांच्या हाताखालचे देशी अंमलदार मुदलियार आपला बटणांचा लांब कोट घालून दुभाष्या म्हणून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून फक्त 'ह' निघाला. सकाळच्या विड्यात चुना जास्त पडून त्यांची जीभ भाजली होती. साहेब घड्याळ बघायला लागले. अशा वेळी, लोकुमामा, झोपडीच्या खांबाशी रोसलिन उभी असताना, इंग्रजी येणारा तरुण मागे राहील का? मी पुढे झालो.

साहेब म्हणाले ते सरळ होतं. सरकारचा राखीव निधी आहे पण त्याला हात लावता येत नाही. पूल कर्जातून होईल. कर्ज अजून उभारलेलं नाही, ते लंडनमध्ये उभारायचं आहे. उभारलं की पूल होईल. फेड नातवंडांपर्यंत चालेल. आता तुम्ही कोलंबोत इंग्रजीतच जेवता आणि इंग्रजीतच झोपता, म्हणून आठवण देतो: कर्ज म्हणजे आपल्याकडे 'नय', आणि नाग म्हणजे 'नया'. फरक शेवटच्या स्वराचा. आणि कॉलेजच्या वक्तृत्व मंडळात आम्हाला शिकवलं होतं की शेवटचा स्वर लांबवला की शब्दाला वजन येतं. मी त्या दिवशी शब्दाशब्दाला वजन दिलं. शिवाय राखीव निधीला आपल्या भाषेत शब्दच नाही. आपल्याकडे पैसा एक तर असतो नाहीतर नसतो. असून नसल्यासारखा ठेवायची रीत गोऱ्यांची. जवळात जवळचा शब्द मला सुचला तो 'निधान', जमिनीत पुरलेल्या धनाला आपण म्हणतो तो. तेव्हा मी छाती काढून, खांबाकडे बघत, जमलेल्या लोकांना जे सांगितलं ते असं: सरकारजवळ निधान आहे. त्या निधानाला कुणी हात लावायचा नाही. पूल नागातून निघणार आहे. नाग अजून उठलेला नाही, त्याला उठवायची खटपट लंडनमध्ये चालली आहे. तो उठला की पूल झालाच. आणि तुमची नातवंडं, पतवंडं त्या नागाचा भार आनंदाने वाहतील.

 आधी एका म्हातारीने हात जोडले, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मला वाटलं, वक्तृत्व. रोसलिन तोंड दाबून खांबामागे गेली. मला वाटलं, लाजली. साहेबांनी विचारलं की लोक हात का जोडतायत; मी म्हटलं, कर्जाबद्दल कृतज्ञता. साहेबांचे डोळे पाणावले. म्हणाले, इतकी वर्षं वसाहतींत काढली, पण सरकारी कर्जावर अशी भक्ती असलेली प्रजा कुठे पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुधाचा तांब्या घेऊन निघाली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, नयाला पाजायला.  तिच्यामागून पलीकडे जातो तो कुंबुकाखाली ही जत्रा. वारुळाला जास्वंदीच्या माळा, समोर दिवे, दूध, केळी, आणि लोकांच्या डोक्यात सगळा हिशेब अगदी चोख बसलेला: जिथे निधान तिथे राखणीला नाग असायचाच, हे तर जगात सगळ्यांना माहीत, साहेबांनी खुर्ची मुद्दाम वारुळाशीच मांडून घेतली, म्हणजे निधान या वारुळाखाली, नागस्वामी उठून वाट देतील तेव्हा त्या धनातून पूल होणार. मी व्याजाचंही बोललो होतो. व्याजाला आपण 'पोलि' म्हणतो आणि घोणशीला 'पोळंगा', आणि हा शब्द तर मी नीट उच्चारला होता, पण एकदा नाग डोक्यात शिरला की घोणस मागोमाग येतेच. लोकांनी शेजारच्या लहान वारुळालाही एक माळ घातली होती.

मी एका ओंडक्यावर चढून खुलासा केला. नय वेगळं, नया वेगळा, पुस्तकात कर्जाच्या 'नय'ला 'ण' असतो, वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हातारे विदाने, जे तुमच्या वेळी पोलीसपाटील होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, साहेब काय बोलला ते तुला कळलं नसेल. आम्हाला कळलं." आणि लोकुमामा, खरं सांगा, त्यांच्या म्हणण्यात काय चूक होती? धन आहे पण हात लावायचा नाही, त्याच्या राखणीला कुणीतरी फणा काढून बसलंय, ते सातासमुद्रापलीकडून उठवावं लागतं आणि त्याला वर्षानुवर्षं दूध पाजावं लागतं. तुमच्या खात्याचा अहवाल याहून वेगळं काय सांगतो? (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नका, त्या हसतील आणि तुम्ही चिडाल.)

या सगळ्यात सुखी झाला तो मार्तेलिस मुदलाली. हबरादुव्यापासून लोक नाग बघायला येऊ लागले. पूर्वी एक तर चालायची, आता तीन चालू लागल्या, आणि तरी उतारू मुलांना खांद्यावर घेऊन उभे. मुदलालीने शहाळ्यांचं दुकान टाकलं, मग दुधाचं, मग वारुळापुढे लाकडाची कुलूपबंद दानपेटी ठेवली, आणि लोकांनी तीत पुलासाठी म्हणून नाणी टाकायला सुरुवात केली. मला पाहून तो हसूही लागला. मला वाटलं, आता माणूस विरघळला. मी जाऊन विषय काढला. त्याने मला शहाळं फुकट दिलं (आमच्या काठावर कुणाचा यावर विश्वास बसत नाही) आणि म्हणाला की अट ती अट. पूल नागातून निघणार असं तूच सांगितलंस ना? मग त्याच्याजवळ बस. तो लंडनला गेलाय, येईल सावकाश.

माझं डोकं फिरलं. म्हणजे पूल न होण्यात आजवर सरकारचाच फायदा होता, तो आता मुदलालीचाही झाला होता, आणि तो मीच माझ्या तोंडाने करून दिला होता. रोसलिन झोपडीतून बघत होती, नाण्यांचा ढीग पुढ्यात, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं हीसुद्धा आता पुलाची आशा सोडून बसली. मी हातातली छत्री (तुम्ही गेल्या वेसाकच्या सणाला दिलेली ती विलायती, तिच्याबद्दल ताजा कलम पाहा) उगारली आणि सगळ्या जत्रेदेखत ओरडलो की बघा, इथे ना निधान आहे ना नाग, नुसती वाळवी आहे. आणि छत्री मुठीपर्यंत वारुळात खुपसली.

लोकुमामा, वाळवी नव्हती.

तो सावकाश उठला. घाई अशी नाहीच, जसा एखादा मोठा अधिकारी आपल्या नावाचा पुकारा झाल्यावर उठतो. मग फणा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरलो, आणखी मागे सरलो, आणि मागे नदी होती. पाण्यात पडताना माझ्या कानावर जो आवाज आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही: दोन्ही काठांवरचे सगळे लोक एका सुरात म्हणत होते, नया उठला. भीतीचा आवाज नव्हता तो. पिकाला पाणी मिळाल्यावर निघतो तसा होता. रोसलिनने तरीचा बांबू माझ्यापुढे केला आणि मी तो धरून बाहेर आलो. तिने कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "लागलं का?" पुढे नाग चावला असता तरी माझी तक्रार नव्हती.

इतक्यात विहारातले थोरले भंते आले. त्यांनी लोकांना मागे सारलं, वाट मोकळी केली, आणि नाग आपल्या चालीने केतकीच्या बनात निघून गेला. नागस्वामींना छत्री टोचली म्हणून आईने त्या घटकेपासून माझ्याशी बोलणं सोडलं. मग ते ओंडक्यावर बसले आणि विचारू लागले, साहेब काय म्हणाले होते? लोक म्हणाले, नाग उठला की पूल. भंते म्हणाले, मग उठला की. आता?

आता सगळे दानपेटीकडे बघायला लागले, आणि मग जो वाद झाला तो ऐकायला, लोकुमामा, तुम्ही आणि तुमचे सगळे साहेब हवे होतात. मुदलाली पेटीपुढे आडवा झाला: निधानाला हात लावायचा नाही, साहेबांचा हुकूम आहे. एक जण म्हणाला, मग पेटीला न शिवता मातरच्या चेट्टी सावकारांकडून कर्ज काढू, पेटी तारण ठेवू. व्याज कशातून देणार? पेटीतून. मग पेटी फोडली असं नाही का झालं? तर विदाने म्हणाले, नाही, ती फोडली नाही, नुसती झिरपू दिली. दुसरा म्हणाला की पूल नातवंडं वापरणार, तेव्हा नातवंडांनी टाकलेल्या नाण्यांची वाट बघावी. मला भरून आलं. कॉलेज सोडल्याचं सार्थक झालं. ज्या विद्येसाठी तुम्ही फी भरत होता ती इथे दूध विकणारी माणसं फुकट बोलत होती.

भंते हसत ऐकत होते. मग म्हणाले, "पाणी ओलांडायला म्हणून पैसे टाकलेत. ते पाण्याच्या याच बाजूला ठेवून काय करणार?"  पेटीची किल्ली मुदलालीच्या कमरेला होती, ती रोसलिनने मागून येऊन अलगद सोडवली. त्याने वळून पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि इतक्या माणसांत तो पेटीपुढून बाजूला झाला.

पुढचं मी धावतं सांगतो, कारण सुखाच्या दिवसांचं वर्णन लांबवलं की दृष्ट लागते. वरच्या रबरमळ्यात झाडांचा चीक खाली सोडायला लावलेल्या जुन्या लोखंडी तारा पडून होत्या, त्या पेटीतल्या पैशांत आल्या. सिमन बास सुतार, ज्याने आजवर फक्त होड्या आणि शवपेट्या केल्या, तो पूल करायला उभा राहिला आणि म्हणाला, दोन्हीत माणूस पलीकडेच तर न्यायचा असतो. लोकांनी नारळीचे खांब दिले, फळ्या दिल्या, दोन्ही काठांवर बायकांनी चुली मांडून फणसाची आमटी आणि भात रांधला. तारा ओढताना या काठाचे आणि त्या काठाचे एकमेकांना शिव्या देत होते, त्या इतक्या प्रेमळ होत्या की भंतेंनी ऐकू येत नाही असं दाखवलं. पहिल्या दिवशी मुदलालीने पुलाच्या फळ्या तरीतून न्यायचे सेंट मागितले. दुसऱ्या दिवशी मागितले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो सिमन बासला गाठ कशी मारावी हे शिकवताना दिसला. आईने त्याच दिवशी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. म्हणाली, जरा तार ओढ, नुसता झोपडीकडे बघत उभा राहू नकोस.

पूल झाला. लोंबता आहे, पण पूल आहे. एजंटसाहेब आले, मुदलियारांची जीभ बरी झाली होती, आणि त्यांनी माझ्या तोंडात स्वतःच्या हाताने मोठा विडा कोंबून मला दूर बसवलं. साहेब पूल ओलांडून गेले. मध्यावर पूल हलला आणि त्यांची टोपी नदीत गेली, पण ते गेले. पलीकडून ओरडून म्हणाले की सरकारच्या दृष्टीने हा पूल आहे. त्यांना आनंद का होऊ नये? पूल झाला आणि कर्ज काढलं नाही, राखीव निधीला हात लागला नाही. असं काम तुमच्या खात्याने स्वप्नात तरी पाहिलं होतं का?

मुदलियारांनी 'हा पूल आहे' हे साहेबांचं वाक्य सिंहलीत सांगताच सगळ्या माना मार्तेलिस मुदलालीकडे वळल्या. त्याने शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, हा पूल कसला, हा तर पाळणा. गर्दीतून पोडिहामी म्हणाली, "मग तर झालंच की. पाळणा बांधून झाला, आता मुलगी दे." लोक असे हसले की पूल आपोआप हलायला लागला. मुदलाली आधी लाल झाला, मग खाली बघू लागला, मग त्याचेही खांदे हलायला लागले. रोसलिन झोपडीत नव्हती. ती पुलाच्या मध्यावर उभी होती, साहेबांच्या टोपीकडे बघत, आणि या वेळी ती खरोखर लाजली होती. हसू दाबण्यातला आणि लाजण्यातला फरक मला आता कळतो.

ज्योतिषीबुवांनी लग्नाला पुढच्या, इल महिन्यातली वेळ काढून दिली आहे. तुम्ही, मामी आणि मुलांनी चार दिवस आधी यावं. मामाशिवाय मी लग्नाच्या पाटावर चढणार नाही, हे आई सांगते म्हणून नाही, मीही म्हणतो. तुमच्या पायांवर पुन्हा डोकं ठेवून,

तुमचा आज्ञाधारक (यापुढे) भाचा,
विल्मट कोडितुवक्कु

ता. क. छत्री अजून वारुळात आहे. काढायला कुणी तयार नाही, मी तर नाहीच. लोक तिलाही माळ घालतात.

ता. क. दुसरा, आणि लोकुमामा, खरं तर याचसाठी हे पत्र. टोपी नदीत गेल्यामुळे एजंटसाहेबांनी परत जाताच वर लिहिलं आहे की कुंबुक्तोटला ताबडतोब लोखंडी पूल मंजूर करावा. पूर्वी पूल नव्हता म्हणून रहदारी नव्हती आणि रहदारी नाही म्हणून पूल मिळत नव्हता. आता पूल आहे म्हणून रहदारी आहे, म्हणून पूल हवा, आणि नव्या कर्जात त्याची सोयही आहे म्हणे. ते प्रकरण तुमच्या टेबलावर येईल. मुदलालीला याचा वास लागला आहे. काल म्हणाला, खरा पूल तो लोखंडी, आपला शब्द त्या पुलाचा. मंजुरी लग्नाआधी आली तर हा माणूस लग्न लोखंडी पुलापर्यंत लांबवेल आणि तोवर माझे केस पिकतील. म्हणून पाया पडून मागणं की ते प्रकरण इल महिना उलटेपर्यंत तुमच्या उशाखाली, फडताळात, कुठेही ठेवा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात धाडा. तुम्हाला काय शिकवायचं? इतकी वर्षं जमलं, आणखी एक महिना जमवा.

ता. क. तिसरा. वरचा ताजा कलम रद्द समजावा. टपालपेटी पलीकडे आहे, म्हणून पत्र घेऊन पूल ओलांडला, आणि रोसलिनने ते माझ्या हातातून घेऊन सबंध वाचलं. (तेलाच्या बाटलीपाशी हसली, छत्रीपाशी हसली, दुसऱ्या ताज्या कलमाशी हसली नाही.) म्हणाली, "बाबांना पूल झाल्याशिवाय लग्न नको, तुला लग्न झाल्याशिवाय पूल नको. मला विचारलंत का कुणी? मी लग्न माणसाशी करतेय, पुलाशी नाही." मग आत जाऊन तिने बापाला सांगितलं की ठरल्या वेळी मी पाटावर उभी असेन, नदीवर तेव्हा एक पूल असो, दोन असोत की एकही नसो, आणि उतारू ताटकळले तर सेंट कुणी घ्यायचे ते तुम्ही बघा. मुदलाली दारात आला आणि नदीकडे बघत मला विचारू लागला, जावयाला पोहता येतं का.

तेव्हा लोकुमामा, मंजुरी अडवू नका, पहिल्या टपालाने धाडा. लग्नानंतर माहेरी येताना तिला दर खेपेला तारांवर झुलत यायचं नाही. फक्त इंजिनिअरसाहेबांना एवढं सांगा की पुलाचा कठडा चांगला उंच धरा. ती म्हणते, मुलं बापाच्या वळणावर जाणार.